फोटोखाली नाव कोणाचे?

सिल्व्हर क्लोराइडचा प्रयोग आपण सगळेच करून दाखवतो. मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन-चार थेंब टाकले की दह्यासारखा पांढरा साका खाली बसतो. तो उन्हात ठेवला की बघता बघता जांभळट होतो, मग करडा. छायाचित्रणाचा सगळा व्यवहार या करडेपणावर उभा राहिला, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. गेल्या वर्षी वाटले, नुसते सांगण्यापेक्षा त्या काळची काही चित्रे मुलांच्या हाती द्यावीत. 'द पीपल ऑफ इंडिया' या प्रचंड ग्रंथातली पाने न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने, आणि विल्यम जॉन्सन याच्या मुंबईच्या चित्रसंग्रहातली पाने अमेरिकेतल्याच सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठाने संगणकावर खुली केली आहेत. सटाण्यात बसून ती पाहता येतात आणि छापूनही घेता येतात. मी दहा-बारा पाने छापून नेली.

चित्रे बाकांवरून फिरू लागली आणि प्रश्न आले. पहिला प्रश्न एका मुलीचा. "सर, हे सगळे इतके रागावलेले का दिसतात?" दुसरा प्रश्न मागच्या बाकावरून, हसत हसत आला. "आणि इतके काळे का?" वर्गात खसखस पिकली. काही डोळे डोंगराकडच्या पाड्यावरून येणाऱ्या एका मुलाकडे वळले. तो मान खाली घालून चित्र पाहत राहिला. तास संपता संपता त्याने विचारले, "सर, यांची नावं काय होती?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला येत होते. दुसऱ्याचे अर्धेच येत होते. तिसऱ्याचे उत्तर त्या पुस्तकांतच नव्हते. हे तीन प्रश्न घेऊन मी ती चित्रे पुन्हा पाहिली. त्यातून जे सुचले ते शिक्षकबंधुभगिनींपुढे मांडतो आहे.

ओल्या काचेचे राज्य

आधी काळाचा हिशेब करू. दाग्येरची पद्धत पॅरिसमध्ये जाहीर झाली १८३९ साली. त्यात चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच चित्र मिळे, त्याच्या प्रती निघत नसत. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. तिने काचेवर निगेटिव्ह मिळू लागली आणि एका काचेवरून हव्या तितक्या प्रती कागदावर काढता येऊ लागल्या. पुढची तीसेक वर्षे हीच पद्धत जगभर चालली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली, म्हणजे कलकत्ता आणि मद्रासच्याही आधी. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत व्यवसाय केला. तेव्हा कॅमेरा फक्त साहेबाच्या हातात होता असे समजण्याचे कारण नाही. पण दूरवर फिरण्यासाठी लागणारा पैसा, सरकारी हुकूम आणि छापखाना हे बहुतेक साहेबाच्याच हातात होते.

कलोडियन म्हणजे काय? कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया करून मिळणारा नायट्रोसेल्युलोज हा पदार्थ ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवला की मधासारखा चिकट द्राव होतो, तो कलोडियन. जखमेवर पापुद्रा धरण्यासाठी डॉक्टर तो वापरत. त्यात आयोडाइडचा क्षार मिसळून तो काचेवर ओतायचा, काच तिरपी करत सगळीकडे सारखा पसरवायचा आणि अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात बुडवायची. काचेवर सिल्व्हर आयोडाइडचा थर तयार होतो. ही काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि ओली असतानाच अंधाऱ्या तंबूत नेऊन फेरस सल्फेटने चित्र उमटवायचे. थर वाळला की काच निकामी होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ईथर किती वेगाने उडून जात असेल याची कल्पना करा. बागलाणातल्या एप्रिल महिन्याच्या दुपारी छायाचित्रकाराच्या हाती काही मिनिटेच राहिली असती.

म्हणून तंबू, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी हा सगळा संसार बरोबर न्यावा लागे. हिमालयात फिरून १८६० च्या दशकात अप्रतिम चित्रे घेणाऱ्या सॅम्युअल बोर्नबरोबर डझनावारी हमाल असत. त्याच्या प्रवासवर्णनांत हमालांचा उल्लेख पुष्कळ आहे, पण बऱ्याचदा तक्रारीच्या सुरात. त्या पेट्या पाठीवर वाहून नेल्या नसत्या तर ती चित्रे झालीच नसती. तरी चित्रांवर नाव आहे ते बोर्नचे.

आता रागाचा प्रश्न. कलोडियनची काच आजच्या मानाने फारच मंद. भर उजेडातही चित्राला काही सेकंद लागत, स्टुडिओच्या आत त्याहून जास्त. तेवढा वेळ पापणीसुद्धा फारशी हलवायची नाही. डोके स्थिर राहावे म्हणून मागे लोखंडी स्टँड उभा करून त्याच्या चिमट्यात मान अडकवत. जुन्या चित्रांत माणसाच्या पायांमागे एखादा तिसरा पाय डोकावतो, तो या स्टँडचा. मुलांना पंधरा सेकंद हसरा चेहरा न हलवता धरायला सांगा. सातव्या-आठव्या सेकंदाला हसू मावळते आणि चेहरा त्या चित्रांतल्यासारखा होतो. रागावलेले दिसतात ते सारेच रागावलेले नव्हते. ते थांबले होते.

पण एवढ्याने उत्तर पूर्ण होत नाही. मुंबईतला एखादा शेटजी स्टुडिओत मान अडकवून घेई तो स्वतःच्या इच्छेने आणि स्वतःचे पैसे मोजून. सरकारी कामगिरीवर आलेल्या अधिकाऱ्याने गावातला एखादा माणूस उन्हात उभा केला असेल तर त्याच्या थांबण्यात आणखी काहीतरी मिसळलेले असणार. काचेवर दोघांचा ताठपणा सारखाच उमटतो. ही छायाचित्राची पहिली मर्यादा झाली. ते ताठपणा दाखवते, त्याचे कारण दाखवत नाही.

काळा रंग कुठून आला?

"इतके काळे का?" या प्रश्नाने मला खरा धडा दिला. कलोडियनच्या काचेवरचा सिल्व्हर आयोडाइड जंबुपार, जांभळा आणि निळा एवढाच प्रकाश ओळखतो. हिरवा फारच थोडा. पिवळा, नारिंगी आणि लाल त्याला जवळजवळ अंधारासारखेच. म्हणून निळे आकाश पांढरेफटक येते आणि लाल लुगडे काळेकुट्ट. हळदीने पिवळा झालेला नवरदेव कलोडियनपुढे बसवला असता तर काजळी फासल्यासारखा दिसला असता.

माणसाची त्वचा, मग ती कुठल्याही रंगाची असो, निळ्यापेक्षा तांबडा-पिवळा प्रकाश जास्त परावर्तित करते. सावळ्या त्वचेकडून निळा प्रकाश फारच कमी परत येतो. त्यामुळे गव्हाळ माणूस काळा आणि सावळा माणूस डोळा-नाकाची ठेवणही हरवण्याइतका काळा येतो. गोऱ्या चेहऱ्यावरचे पुसट तीळसुद्धा या काचेवर ठळक उठतात. पण गोऱ्या माणसाची ओळख त्यामुळे बदलत नाही. सावळ्या माणसाची बदलते.

हे वर्गात पाहता येते. मोबाइलचा कॅमेरा कृष्णधवल करा आणि भिंगापुढे निळ्या जिलेटिन कागदाचे दोन-तीन पदर धरा. टेबलावर एका ओळीत हळद, कुंकू, गेरू, झेंडूचे फूल आणि कपड्याला घालायच्या निळीची पूड ठेवा. साध्या डोळ्यांना निळीची पूड या सगळ्यांत गडद आणि हळद सगळ्यांत उजळ वाटते. कागदातून पाहिले की हळद काळपट होते, कुंकू काळे होते आणि नीळ उजळते. मग मुलांना आपापला हात त्या कागदापुढे धरायला सांगा. आमच्या वर्गात हा प्रयोग झाला तेव्हा सगळ्यांचेच हात काळे दिसले, माझाही. त्या दिवशी मागच्या बाकावर खसखस पिकली नाही.

हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७३ मध्ये दाखवून दिले की थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले तर काच हिरव्या-पिवळ्या प्रकाशालाही ओळखू लागते. सगळे रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात मिळू लागल्या त्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे आपण ज्या चित्रांबद्दल बोलतो आहोत ती सगळी लाल-पिवळ्याला आंधळ्या असलेल्या काचेने काढलेली आहेत. तरीही त्या काळी छायाचित्राचे मोठे कौतुक कशासाठी झाले? चित्रकार चुकतो, सूर्य चुकत नाही, यासाठी. वंश, वर्ण, कवटी यांचे तक्ते करणाऱ्या मंडळींना तर हे साधन हवेच होते. थॉमस हक्सले याने १८६९ मध्ये साम्राज्यातल्या सर्व वसाहतींमधून लोकांची ठरावीक मापात, ठरावीक अंतरावरून घेतलेली छायाचित्रे मागवण्याची योजना मांडली होती. फुटपट्टी हातात घेतलेल्यांनी ती फुटपट्टी कुठे वाकडी आहे हे मात्र फारसे तपासले नाही. विज्ञानाच्या शिक्षकाला यातून शिकवण्यासारखे खूप आहे. उपकरण पक्षपाती असते म्हणजे त्याच्या मनात कपट असते असे नाही. ते काही गोष्टींना प्रतिसाद देते आणि काहींना देत नाही, एवढेच. त्या न दिलेल्या प्रतिसादाला 'नाही' असे वाचणे ही चूक मात्र माणसाची.

मागचा डोंगर कोणाचा?

आता जॉन्सनच्या संग्रहाकडे वळू. विल्यम जॉन्सन हा मुंबईतला छायाचित्रकार, फोटोग्राफिक सोसायटीच्या पहिल्या मंडळींपैकी एक. विल्यम हेंडरसनबरोबर त्याने १८५६ ते १८५८ या काळात 'द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम' हे मासिक चालवले. त्यात अस्सल छायाचित्रे चिकटवलेली असत. पुढे मुंबईत राहणाऱ्या आणि मुंबईत येणाऱ्या जातीजमातींवर त्याने दोन भागांचा ग्रंथ काढला. १८६३ चा पहिला भाग गुजरात, कच्छ आणि काठेवाडचा, १८६६ चा दुसरा महाराष्ट्राचा.

ही चित्रे पाहताना पहिल्यांदा डोळे सुखावतात हे कबूल केले पाहिजे. पगड्यांचे बांध, लुगड्यांच्या निऱ्या, नथी, जोडे, उपरणी नेसण्याच्या तऱ्हा इतक्या बारकाईने उमटल्या आहेत की वेशभूषेच्या अभ्यासकाला हा खजिनाच आहे. मग हळूहळू काहीतरी खटकू लागते. माणसे एका उजेडात आहेत, मागची इमारत दुसऱ्या उजेडात. पाय जमिनीला टेकल्यासारखे वाटत नाहीत. आकृतीच्या कडेने कापल्यासारखी रेघ दिसते. कारण साधे आहे. माणसांची चित्रे वेगळी घेतली, मागची दृश्ये वेगळी घेतली आणि नंतर दोन्ही एकत्र केली.

याला लगेच फसवणूक म्हणू नये. दोन काचा जोडून एक चित्र छापणे तेव्हा सर्रास चाले. त्याची एक निकड आपण वर पाहिलीच. आकाश पांढरेफटक येई, म्हणून ढगांची काच वेगळी ठेवावी लागे. इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलांडर आणि हेन्री पीच रॉबिन्सन यांनी १८५० च्या दशकात याच युक्तीने नावाजलेली कलाचित्रे केली. पण ती कलाचित्रे म्हणून मांडली होती. जॉन्सनचा ग्रंथ लोकांची माहिती म्हणून मांडलेला आहे. अमुक जातीचा माणूस हा असा दिसतो आणि अशा जागी असतो, असे ते पान सांगते. त्यातला 'असा दिसतो' हा अर्धा भाग बराचसा खरा आहे आणि 'अशा जागी असतो' हा भाग रचलेला. माझी तक्रार जॉन्सनच्या कसबाबद्दल नाही. माहिती आणि सजावट यांच्यामधली रेघ त्याने वाचकाला दाखवली नाही, याबद्दल आहे.

जोडलेले दृश्य आपल्यालाही परके नाही. सटाण्यात देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा भरते. यात्रेतल्या फोटोवाल्याकडे ताजमहालाचा, धबधब्याचा, नाही तर विमानाचा पडदा असायचा. आमच्या पिढीतल्या कितीतरी घरांत आजी-आजोबा धबधब्यापुढे बसलेला फोटो भिंतीवर आहे. मग जॉन्सनला वेगळे माप का लावायचे? कारण धबधबा आजोबांनी निवडला होता. पैसे त्यांनी दिले, फोटो घरी आणला आणि धबधबा खोटा आहे हे फोटो पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. पडदा तोच, पण पडदा निवडणारा बदलला की चित्राचा अर्थ बदलतो.

हा फरक ठळक दिसावा म्हणून त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलियात जाऊ. तिथेही तीच वर्षे, तीच ओली काच. न्यू साउथ वेल्समधल्या ग्राफ्टन गावात जॉन विल्यम लिंट या जर्मन छायाचित्रकाराचा स्टुडिओ होता. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने क्लॅरेन्स नदीकाठच्या आदिवासींची चित्रे स्टुडिओत घेतली. मागे रंगवलेला पडदा, पुढे आणून ठेवलेली झाडेझुडपे, हातात हत्यारे. चित्रे अतिशय सुबक आहेत, खूप विकली गेली आणि दूरदूरच्या संग्रहालयांत पोचली. पण जमिनी वसाहतकारांच्या ताब्यात गेल्यामुळे त्या लोकांचे जगणे एव्हाना पार बदलले होते. खरे रान हातून गेलेल्या माणसाला खोट्या रानात बसवून त्याचे चित्र रानातला माणूस म्हणून विकले गेले. सुबकपणा आणि सत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या चित्रांइतके दुसऱ्या कशाने पटले नाही.

नाव

राहिला तिसरा प्रश्न.

ऑस्ट्रेलियातलेच दुसरे चित्र पाहा. टॉमस फॉस्टर चक या छायाचित्रकाराने १८७२ मध्ये मेलबर्नला 'व्हिक्टोरियाचे शोधक आणि आद्य वसाहतकार' या अर्थाच्या शीर्षकाचे भलेमोठे चित्र तयार केले. त्यात सातशेहून अधिक माणसांचे छोटे छोटे चेहरे एकत्र जोडलेले आहेत. हीदेखील कात्री-डिंकाचीच करामत. पण इथे प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक आहे आणि क्रमांकापुढे नाव. कोण कोणत्या वर्षी आला, याचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने स्वतःची अशी नोंद करून घेतली. 'आद्य' या शब्दात मोठी मखलाशी आहे. ज्या भूमीवर हजारो वर्षे माणसे राहत होती तिथे हे आद्य कसे? तरी आपल्या मुद्द्यापुरते एवढे लक्षात ठेवू की कात्री तीच, काच तीच, पण वसाहतकाराच्या चेहऱ्याखाली नाव येते आणि लिंटच्या चित्रांतली माणसे बिननावाची विकली जातात.

आपल्याकडे 'द पीपल ऑफ इंडिया' हेच करतो. गव्हर्नर जनरल कॅनिंग यांच्या काळात, १८५७ च्या उठावानंतर, प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांकडून लोकांची छायाचित्रे मागवली गेली. जॉन फोर्ब्ज वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी ती १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत छापली. साडेचारशेहून अधिक चित्रे आणि प्रत्येकाशेजारी मजकूर. प्रती मात्र सुमारे दोनशेच, त्यातल्या निम्म्या सरकारी उपयोगासाठी. ज्यांची चित्रे होती त्यांच्या हाती हा ग्रंथ पडण्याचा प्रश्नच नव्हता. काही सरदार-संस्थानिकांची नावे यात सापडतात. बाकीच्यांच्या चित्राखाली जात, जमात, धंदा किंवा गावप्रांत. चित्रांचा दर्जा कमीजास्त आहे, कारण ती अनेक हातांनी काढली आहेत. ग्रंथ खरा घसरतो तो मजकुरात. एका चेहऱ्यावरून सगळ्या जमातीचा स्वभाव सांगायचा, कोणाला सरसकट आळशी, कोणाला लबाड, कोणाला चोर ठरवायचे, हा प्रकार पानोपानी भेटतो. छायाचित्राशेजारी छापल्यामुळे ते मतही पुराव्यासारखे दिसू लागते. याच वर्षांत, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा झाला आणि तो १९५२ पर्यंत टिकला. ग्रंथामुळे कायदा आला असे मी म्हणत नाही. पण माणसाचे नाव पुसून जमातीचे लावण्याची सवय दोन्हीकडे एकच आहे.

या ग्रंथाचा एक वाचक लक्षात राहण्यासारखा आहे. सय्यद अहमद खान १८६९ मध्ये मुलासह लंडनला गेले असता इंडिया ऑफिसमध्ये त्यांनी ही पाने पाहिली. हिंदुस्थानात नोकरीला जाणारा एक इंग्रज तरुण तीच पाने चाळत होता. त्याने त्यांच्या मुलाला, महमूदला विचारले, तूही हिंदुस्थानीच का? महमूदला लाज वाटली. हिंदुस्थानी खरा, पण आपले पूर्वज बाहेरून आलेले, असे त्याने सांगितले. सय्यद अहमदांनी हा प्रसंग पत्रात लिहून ठेवला आहे. त्यांना झालेल्या दुःखाबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे. मला महमूदचे उत्तर जास्त बोचते. अपमान आपल्यावरून ढकलायचा तर तो खालच्या कोणावर तरी ढकलावा लागतो. आमच्या वर्गात डोळे त्या एका मुलाकडे वळले तेव्हा दुसरे काय झाले होते?

मग ही चित्रे वर्गात आणूच नयेत का? मला तसे वाटत नाही. व्हिक्टोरियातली कोरँडर्क ही आदिवासींची वसाहत १८६३ मध्ये सुरू झाली. चार्ल्स वॉल्टर या छायाचित्रकाराने तिथल्या रहिवाशांची चित्रे १८६६ मध्ये घेतली आणि त्यांची नावे नोंदली. हेतू त्याही वेळी प्रदर्शनाचाच होता. पण नावे राहिली म्हणून आज त्या लोकांचे वंशज ती चित्रे पणजोबा-पणजीची म्हणून ओळखतात आणि जपतात. लिंटच्या चित्रांतल्या काहींची नावेही अलीकडे शोधून काढली गेली आहेत. तेच चित्र नमुना न राहता घरातल्या माणसाचा फोटो होते. मध्ये फरक पडतो तो फक्त एका ओळीचा.

आपल्या भिंतीवरचा फोटो

पुढच्या तासाला मी तीच पाने पुन्हा वर्गात नेली, पण छापील मथळे झाकून. प्रत्येक गटाने एका चित्राचा नवा मथळा लिहायचा. त्यात चार गोष्टी हव्यात: काच कोणत्या पद्धतीची आणि तिला कोणते रंग दिसत नव्हते, चित्र कोणी आणि कोणासाठी घेतले, मागचे दृश्य खरे की जोडलेले, आणि माणसाचे नाव. चौथ्या ओळीशी बहुतेक गट अडले. कोणी 'माहीत नाही' लिहिले, कोणी जातीचे नाव लिहून खोडले. पाड्यावरून येणाऱ्या त्या मुलाच्या गटाने लिहिले, "नाव होते. लिहून घेतलेले नाही." मला यापेक्षा नेमका मथळा सुचला नसता. 'माहीत नाही' म्हणताना अज्ञान आपोआप आल्यासारखे वाटते. या मथळ्यात ते कोणी केले हेही येते.

एवढ्यावर मला समाधानाने घरी जाता आले असते. पण एका मुलीने वर्गाबाहेरच्या व्हरांड्याकडे बोट दाखवले. तिथे आमच्या शाळेचे जुने समूहफोटो टांगलेले आहेत. खाली सुवाच्य अक्षरांत 'डावीकडून बसलेले', 'डावीकडून उभे' अशा नावांच्या ओळी. मुख्याध्यापक, शिक्षक, लिपिक, सगळ्यांची नावे. अगदी कडेला, अर्धे फ्रेमच्या बाहेर गेल्यासारखे शाळेचे शिपाई उभे. त्यांच्यासाठी ओळीच्या शेवटी एकच शब्द, 'शिपाई'. तीस वर्षे मी त्या फोटोखालून ये-जा करतो आहे, आणि साहेबांच्या ग्रंथांतला दोष मला तास घेऊन शोधावा लागला.

जुन्या शिक्षकांकडे विचारून, सेवापुस्तके चाळून मुलांनी ती नावे शोधायला घेतली आहेत. तीन सापडली, दोन राहिली आहेत. आपल्याही शाळेच्या भिंतीवर असे फोटो असतील. सिल्व्हर क्लोराइडचा साका उन्हात ठेवून तो काळवंडायची वाट पाहत असाल, तेव्हा मुलांना एकदा त्या भिंतीपाशी नेऊन आणा. नावे ठाऊक असलेली माणसे अजून गावात असतील तोवर हे काम होण्यासारखे आहे.